मेगर चांगला आला म्हणून

‘मेगर काय आला?’ हा इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समधला रोजचा प्रश्न. शटडाउन लागलं, परमिट मिळालं, केबल दोन्ही टोकांना मोकळी केली, मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र, लावला, मिनिटभर थांबलं आणि आकडा वहीत लिहिला. 500 मेगोहम, 1000 मेगोहम, कधी काटा सरळ इन्फिनिटीला. आकडा मोठा आला की सगळे खूश. केबल पुन्हा जोडायची, परमिट परत करायचं, पुढच्या कामाला लागायचं. माझी उमेदीची वर्षं अणुवीज केंद्राच्या विद्युत विभागात गेली आणि हे आकडे असंख्य वेळा माझ्या सहीखालून गेले. तरी जुन्या केबलच्या बाबतीत या आकड्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. मेगर खोटं बोलत नाही. त्याला जे विचारलं त्याचं तो बरोबर उत्तर देतो. पण आपल्याला हवं ते आपण त्याला विचारलेलंच नसतं.

मेगर फक्त इतकंच पाहतो की आज, या क्षणी, या कोरड्या हवेत इन्सुलेशनमधून करंट झिरपतोय का. अणुवीज केंद्रातल्या सुरक्षेच्या केबलला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. उद्या अणुभट्टीचं शीतक वाहून नेणारा पाईप फुटला, कंटेनमेंटमध्ये, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंद इमारतीत, शंभर अंशांच्या वरची वाफ कोंडली, सगळीकडे पाणी ठिबकू लागलं, किरणोत्सार कैक पटींनी वाढला, तर त्या गदारोळात व्हॉल्व्ह बंद करण्याचा हुकूम या केबलमधून पोहोचेल का? दाबाचं रीडिंग नियंत्रण कक्षात खरं दिसेल का? आणि हे सगळं केबल कोरी करकरीत असताना नव्हे, तर तीस-चाळीस वर्षं उष्णता खाऊन झाल्यावर.

इन्सुलेशन वाळून कडक झालं, त्याला बारीक तडे गेले, तरी मेगर उत्तम येऊ शकतो. तड्यात कोरडी हवा असते आणि कोरडी हवा हा चांगला इन्सुलेटर आहे. त्या तड्यात वाफ शिरेपर्यंत काहीच बिघडत नाही. म्हणजे ही केबल रोज काम करते, दर शटडाउनला पास होते, आणि जिच्यासाठी ती बसवली त्या एकाच दिवशी दगा देऊ शकते. घरच्या वायरिंगची किंवा एखाद्या कारखान्यातल्या केबलची अशी गत नसते. तिथे केबल गेली की फ्यूज उडतो, माणूस येतो, केबल बदलतो. तिथे बिघाड हीच तपासणी. आमच्याकडे ती चैन परवडत नाही.

एका युनिटमध्ये केबल किती असते? साधारण हजार किलोमीटरच्या घरात, कुठे त्याहून जास्त. मोठमोठ्या मोटरना जाणाऱ्या जाडजूड पॉवर केबल लोकांच्या नजरेत भरतात, पण लांबीचा मोठा हिस्सा असतो बोटाएवढ्या जाडीच्या कंट्रोल आणि इन्स्ट्रुमेंटेशन केबलचा. त्यातली बहुतेक केबल थंड, कोरड्या जागी निवांत पडून असते आणि तिला काही होत नाही. चिंता करायची ती अगदी थोड्या केबलची. ती थोडी कुठली, हे शोधण्यातच सगळं कसब आहे. मला विचाराल तर तपासणीच्या यंत्रांचं काम त्यानंतर सुरू होतं.

तांबं म्हातारं होत नाही. म्हातारं होतं ते त्याच्यावरचं पॉलिमर. जुन्या केंद्रांत पीव्हीसी आणि रबराचे प्रकार, नंतरच्या काळात एक्सएलपीई, ईपीआर, त्यावर हायपॅलॉनचं जॅकेट. बनवताना यात ऑक्सिडेशन रोखणारी द्रव्यं घातलेली असतात. उष्णता आणि किरणोत्सार मिळून ती हळूहळू संपवतात. ती संपेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. संपली की हवेतला ऑक्सिजन पॉलिमरच्या साखळ्यांना भिडतो. काही साखळ्या तुटतात, काही एकमेकींना जखडून बसतात. पीव्हीसीला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर उडून जातं, वर हायड्रोक्लोरिक आम्ल सुटायला लागतं. कुकरची जुनी रिंग हातात धरून ताणून पाहिली असेल त्याला पुढचं सांगायला नको. जुन्या पीव्हीसी केबलच्या टोकाशी, लगजवळ, कधीकधी हिरवा चिकट द्रव ओघळलेला दिसतो. तांबं आणि सुटलेलं प्लॅस्टिसायझर यांच्या संगतीतून तो तयार होतो. नवा पोरगा तो फडक्याने पुसून मोकळा होतो. पुसायला हरकत नाही, पण आधी वहीत नोंद करावी.

एका शटडाउनमध्ये फीडवॉटरच्या एका व्हॉल्व्हपाशी पाहिलेली केबल माझ्या चांगली लक्षात आहे. आधीच्या शटडाउनमध्ये व्हॉल्व्ह उघडताना पाईपवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, काढलं होतं आणि परत बसवताना सांधा नीट जुळला नव्हता. चार बोटं फट. आत दीडशे अंशांवरचा पाईप, फटीसमोर केबल ट्रे. ट्रेमधली केबल दोन्ही बाजूंना हाताला नेहमीसारखी लागत होती. फटीसमोरच्या हातभर लांबीत मात्र तिचा काळा रंग मातकट झाला होता, चकाकी गेली होती. आमच्याबरोबर एक जुने जॉइंटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी नखाने टिचकी मारली. “साहेब, ही वाजतेय बघा.” शेजारच्या केबलवर टिचकी मारली तर आवाज येत नव्हता. त्याच दिवशी केबल मोकळी करून मेगर केला. आकडा दृष्ट लागावी असा. खोलीचं तापमान दाखवणारं यंत्र समोरच्या भिंतीवर होतं आणि त्यावर 38 अंश दिसत होते. कागदोपत्री त्या खोलीत केबलला काहीच धोका नव्हता.

रसायनशास्त्रात ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की झिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. 50 अंशांना 40 वर्षं टिकेल असा हिशेब केलेली केबल 70 अंशांना जेमतेम 10 वर्षं टिकेल. सरासरी तापमान घेऊन आयुष्य काढणाऱ्यांनी हा हिशेब आधी करून पाहावा. हजार किलोमीटरची सरासरी काढून उपयोग नाही, कारण ती हातभर लांबी सगळ्या केबलचं आयुष्य ठरवते. अशा जागांना आम्ही हॉटस्पॉट म्हणतो आणि त्या ड्रॉइंगवर सापडत नाहीत. सुटलेलं लॅगिंग, गळणारी वाफ, बंद पडलेला पंखा, छतालगतचा ट्रे, जिथे गरम हवा साठते. हे ठाऊक असतं ते तिथे रोज फिरणाऱ्या ऑपरेटरला आणि मामांसारख्या माणसाला.

आता ‘40 वर्षं’ या आकड्याविषयी. अमेरिकेत अणुवीज केंद्राला 40 वर्षांचा परवाना देण्याची पद्धत 1954 च्या अणुऊर्जा कायद्यातून आली. त्यामागे भांडवल फेडीचा हिशेब आणि मक्तेदारीची धास्ती होती. पॉलिमरशी त्याचा काही संबंध नव्हता. पण परवाना 40 वर्षांचा म्हणून केबलही 40 वर्षांची असल्याचं सिद्ध करणं आलं. 1974 मध्ये तिथल्या आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यासाठी चाचणीची रीत घालून दिली आणि ती जगभर रूढ झाली. केबलचा तुकडा भट्टीत काही दिवस किंवा आठवडे भाजायचा, कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांखाली ठेवायचा, मग बंद भांड्यात वाफ आणि फवारा सोडून अपघाताचा देखावा करायचा. किरणांची मात्रा साधारण 20 लाख ग्रे. त्यातला चौथा हिस्सा नेहमीच्या 40 वर्षांचा, उरलेला अपघाताचा. शेवटी तुकडा गोल दांड्याभोवती गुंडाळून पाण्यात बुडवायचा आणि त्यावर व्होल्टेज सोडायचं. टिकला तर प्रमाणपत्र.

रीत कल्पक आहे, मी तिची टिंगल करणार नाही. पण घाई सगळीकडे नडते तशी इथेही नडते. भट्टीत पॉलिमर इतक्या वेगाने करपतं की ऑक्सिजनला आतपर्यंत पोहोचायला वेळच मिळत नाही. वरचा पापुद्रा ऑक्सिजन गिळून टाकतो आणि आतलं इन्सुलेशन तरुण राहतं. खऱ्या केंद्रात तीच झीज सावकाश, आरपार होते. किरणांचंही तसंच. तेवढीच मात्रा काही दिवसांत दिली आणि तीस वर्षांत दिली, तर बऱ्याच पॉलिमरचं नुकसान सावकाश दिलेल्या मात्रेने जास्त होतं. त्याहून चक्रावणारी गोष्ट अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवली. एक्सएलपीईसारख्या काही पदार्थांत किरणोत्साराखाली कमी तापमानाला होणारी हानी जास्त तापमानाच्या हानीपेक्षा मोठी निघाली. उष्णतेने पॉलिमरची अंतर्गत रचना थोडी सैल होऊन सावरते, थंडीत ती सावरत नाही. भट्टीतल्या पंधरवड्यावरून चाळीस वर्षांचं भाकीत करणाऱ्याला हे पचवणं जड जातं. म्हणूनच प्रमाणपत्र कपाटात असूनही केबलची अवस्था वेळोवेळी तपासावी लागते.

यात अजून एक मेख आहे. अणुवीज केंद्रातली सुरक्षा दुहेरी-तिहेरी व्यवस्थेवर उभी असते. एक पंप गेला तर दुसरा, एक चॅनेल फसलं तर आणखी दोन. हे गणित बिघाड एकेकटे, अवचित येतात असं धरून मांडलेलं आहे. वय तसं येत नाही. तिन्ही चॅनेलच्या केबल एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी, बहुधा एकाच लॉटमधून आलेल्या असतात आणि सारखीच उष्णता खातात. त्या एकत्र म्हाताऱ्या होतात आणि अपघाताची वाफ तिघींवर एकाच वेळी येते.

सगळ्या केबल एकाच वेळी गेल्या तर काय होतं, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. 31 मार्च 1993 च्या पहाटे, उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. हादऱ्यांनी जनरेटरमधला हायड्रोजन सुटला, पेटला, तेल पेटलं आणि आग केबलवर चढली. वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांच्या केबल एकमेकींपासून पुरेशा दूर नव्हत्या, आग अडवणारे बांधही अपुरे होते. नेहमीची वीज गेली, डिझेल जनरेटरची गेली, बॅटरीवर चालणारा पुरवठाही गेला. नियंत्रण कक्षात धूर भरला आणि ऑपरेटरांना बाहेर पडावं लागलं. अणुभट्टी त्यांनी तोवर बंद केली होती. पण बंद भट्टीलाही थंडावा लागतो आणि ती पुन्हा जागी होणार नाही याची खात्री लागते. हातातल्या बॅटरीच्या उजेडात माणसं वर चढली, व्हॉल्व्ह हाताने उघडून बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडलं. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रांना पाणी दिलं. जवळपास 17 तास केंद्रात वीज नव्हती. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, कोणाला इजा झाली नाही. ती माणसं थोर होती असं मी आजही म्हणतो.

नरोराच्या केबल म्हाताऱ्या नव्हत्या, युनिट नवंच होतं. तिथे दोष आगीचा आणि मांडणीचा होता. 1975 मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात एकाने केबल भिंतीपार जाते त्या भोकातून हवा गळते का हे मेणबत्ती धरून पाहिलं आणि 1600 हून जास्त केबल जळाल्या, तिथेही वयाचा प्रश्न नव्हता. तरी या दोन्ही घटना मी केबलच्या वयाबद्दल बोलताना काढतो. आग दिसते, तिची घंटा वाजते, धूर येतो. वय तेच काम घंटा न वाजवता करतं.

मग तपासायचं कशाने? सर्वांत विश्वासाची कसोटी जुनीच आहे. इन्सुलेशनचा तुकडा कापून तुटेपर्यंत ताणायचा. नवं इन्सुलेशन आपल्या लांबीच्या तीन-चार पट वाढून मग तुटतं. ही वाढ 50 टक्क्यांवर आली की अपघातात तगण्याची खात्री संपली, असं साधारणपणे मानतात. अडचण उघड आहे. तुकडा कापला की केबलही गेली. म्हणून इंडेंटर आला. चिमट्यासारखी पकड केबलला लावायची, आतला बोथट शंकू ठरलेल्या वेगाने जॅकेटमध्ये किंचित रुततो आणि त्याला किती जोर लागला ते मोजतो. जखम राहत नाही. मामांचं नख जे सांगत होतं तेच हे यंत्र आकड्यात सांगतं आणि आकडा पुढच्या शटडाउनच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. पीव्हीसी, ईपीआर आणि हायपॅलॉनवर ते उत्तम चालतं. एक्सएलपीईवर मात्र फसतं, कारण ते अगदी शेवटपर्यंत कडकपणात फरक दाखवत नाही. त्याच्यासाठी काही मिलिग्रॅमचा कपचा काढून ऑक्सिजनमध्ये तापवायचा आणि तो किती मिनिटं दम धरतो ते पाहायचं. ऑक्सिडेशनरोधक द्रव्य किती शिल्लक आहे ते त्यावरून कळतं.

या सगळ्यांचं दुखणं एकच. जिथे हात पोहोचतो तिथलंच कळतं. नळीतून गेलेली, भिंतीत गाडलेली, ट्रेच्या तळाशी दबलेली केबल त्यांच्या आवाक्यात नाही. म्हणून केबलच्या एका टोकातून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे संकेत सोडून, परत आलेल्या संकेतांवरून अमुक मीटरवर काहीतरी बदललं आहे असं सांगणाऱ्या पद्धती निघाल्या. नॉर्वेत हाल्डेनच्या संशोधकांनी यात मोठं काम केलं. मला ही कल्पना फार आवडते. पण या यंत्राचा अहवाल हातात धरून कुणी खोलीत न जाता निर्णय घेऊ लागला तर माझा त्याला विरोध आहे. यंत्र म्हणतं, 43 मीटरवर बदल आहे. तिथे लॅगिंग सुटलंय, की केबल नुसती वाकलीय, की जुना जॉइंट आहे, हे माणसाने टॉर्च घेऊन जाऊन पाहायचं असतं.

जमिनीखालच्या पॉवर केबलची गोष्ट निराळी. तिथे शत्रू पाणी. इन्सुलेशन वर्षानुवर्षं ओलं राहिलं आणि त्यावर व्होल्टेज असलं की त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म वाटा वाढतात, त्यांना वॉटर ट्री म्हणतात. 2007 मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी सगळ्या केंद्रांना पत्र धाडून भूमिगत केबलच्या बिघाडांचा हिशेब मागितला तो यासाठीच. इथे टॅन डेल्टा ही चाचणी कामाची. फार कमी फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज लावून इन्सुलेशनमध्ये किती शक्ती वाया जाते ते मोजतात. आपली बहुतेक अणुवीज केंद्रं पाण्याकाठी आहेत. तारापूर आणि कल्पाक्कम तर थेट समुद्रावर. पावसाळ्यात ट्रेंचमध्ये पाणी भरणं हे नशिबातच आहे. ते काढायचा पंप जून उजाडायच्या आत चालवून पाहणारा माणूस टॅन डेल्टाच्या यंत्राइतकाच मोलाचा, आणि त्याचा पगार बराच कमी.

लोक विचारतात, एवढी शंका आहे तर सगळी केबल बदलून का टाकत नाही? काही ठिकाणी बदलतातही. पण भरलेल्या ट्रेमधून जुनी केबल ओढताना शेजारच्या कडक झालेल्या दहा केबलना तडे जाऊ शकतात. कंटेनमेंटमधलं काम म्हणजे माणसांना किरणोत्साराचा डोस. हजारो टर्मिनेशन सोडवायची आणि पुन्हा जोडायची, म्हणजे तेवढ्या चुकांना वाव. त्यामुळे सरसकट बदल हा पर्याय बैठकीत बोलायला सोपा. तारापूरची पहिली दोन युनिटं 1969 पासूनची. 2005-06 च्या सुमारास ती दीर्घकाळ बंद ठेवून मोठं नूतनीकरण झालं, तेव्हा दोन्ही युनिटांच्या सामाईक वीजपुरवठ्याची फारकत केली, जादा नियंत्रण कक्ष उभारला, अग्निसुरक्षा वाढवली. विचार करून निवडक ठिकाणी घाव घालण्याची ही रीत मला पटते. त्यासाठी कुठे घाव घालायचा हे आधी माहीत हवं.

ते माहीत होण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच केंद्रात, त्याच हवेत, तेवढीच वर्षं मुरलेली केबल कापून ताणून पाहणं. काही केंद्रांत बांधणीच्या वेळीच केबलचे जादा तुकडे गरम जागी टांगून ठेवतात आणि दर काही वर्षांनी एक काढून तपासतात. ज्यांनी ते टांगले त्यांच्या दूरदृष्टीला दाद द्यावी. ज्यांनी नाही टांगले त्यांनाही एक वाट उरते. अमेरिकेत इलिनॉयमधलं झायन केंद्र 1998 मध्ये बंद झालं आणि पुढे ते पाडताना संशोधकांनी तिथली जुनी केबल मुद्दाम मागून घेतली, कारण खरोखर म्हातारी झालेली केबल कुठल्याच भट्टीत तयार होत नाही.

आपल्याकडे दर मोठ्या दुरुस्तीत जुनी केबल निघते. ती बहुधा तांब्याच्या भावाने पाहिली जाते. या कामावर आज असलेल्यांना माझी विनंती आहे: हेल्थ फिजिक्सची, म्हणजे किरणोत्सार-सुरक्षा पाहणाऱ्यांची, मंजुरी घेऊन, केबल भंगारात जाण्याआधी तिचे दोन मीटर कापून ठेवा. गरम जागेतला एक तुकडा आणि थंड जागेतला एक. त्याला टॅग बांधा आणि टॅगवर खोली, ट्रेचा नंबर, केबल घातल्याचं साल, काढल्याचं साल आणि जवळ कुठला पाईप होता ते लिहा. मेगरचा आकडा नाही लिहिला तरी चालेल.